कोकणात फायबरची कॅरॅव्हॅन: पारखून घ्या, लेव्हलला उभी करा

मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरात उभे राहिलात तर फायबरच्या होड्यांच्या रांगा दिसतात. खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजते, चार महिन्यांच्या पावसात लाकूड कुजते आणि फायबर टिकते, हे दर्यावर्दी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. गाडीमागे ओढायची कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, कोकणात वापरायची असेल तर मीही फायबरचीच घ्या म्हणेन. पत्रा आणि लाकडी सांगाड्याच्या कॅरॅव्हॅनला असंख्य जोड असतात आणि प्रत्येक जोड ही पाणी शिरण्याची जागा. फायबरच्या चांगल्या कॅरॅव्हॅनचे कवच साच्यात घडवलेल्या दोन मोठ्या भागांचे असते. बहुधा वरचा भाग खालच्यावर बसवून कमरेच्या उंचीला एकच आडवा जोड घेतलेला असतो. कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९६८ साली 'बोलर' नावाचे असे छोटे ट्रेलर बनू लागले आणि त्या जुन्या ट्रेलरपैकी काही आजही वापरात आहेत.

मात्र फायबरचे असते ते फक्त कवच. खालची चासी लोखंडी असते, आतली जमीन बऱ्याचदा प्लायवूडची असते आणि खिडक्यांच्या कडा सीलंटच्या भरवशावर असतात. नवा मालक चकचकीत अंगाला पॉलिश करत बसतो आणि खाली वाकून बघत नाही. शिवाय हे कवच घट्ट असले तरी पीळ सोसत नाही. कॅरॅव्हॅन वाकडीतिकडी उभी करून तिच्याच कोपऱ्यांतल्या, स्क्रूने खाली येणाऱ्या आधाराच्या पायांनी उचलून सरळ करायची सवय लागली की चासीला पडलेला पीळ कवचात उतरतो. दार चौकटीला घासू लागते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून जेलकोटवर, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थरावर, बारीक फाटे फुटलेल्या भेगा निघतात. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा लेव्हलला, म्हणजे ती सपाट उभी करण्याला, दिली आहे.

घेताना काय बघायचे

आधी कागद. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलरही 'मोटार वाहन' आहे. त्यामुळे त्याला स्वतःची नोंदणी आणि विमा लागतो. हे नसेल तर गाडी कितीही देखणी असो, पुढे बोलू नका. कुठल्या गाडीने ओढणार तेही याच वेळी ठरवा. तुमच्या मोटारीच्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाची मर्यादा दिलेली असेल तर ती पाळा आणि दिलेलीच नसेल तर त्या मोटारीने ओढू नका.

मग चपला काढून आत चाला. भिंतीच्या कडेकडेने, दारापाशी, सिंकखाली पाऊल दाबून बघा. जमीन कुठे दबली तर तिथले प्लायवूड भिजून कुजायला लागले आहे. कपाटे उघडून खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत पाण्याचे डाग शोधा. बाहेरून बोटाच्या पेराने किंवा नाण्याने कवचावर टकटक करत फिरा. सगळीकडे टणक आवाज येतो आणि एखाद्या जागी बद्द वाजले, तर तिथे थर सुटले आहेत. दाराच्या चारी बाजूंची फट सारखी आहे का ते बघा. एका कोपऱ्यात रुंद आणि दुसऱ्यात चिमटलेली असेल तर चासीला पीळ पडलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

खाली सतरंजी टाकून चासीखालून बघायलाच हवे. त्यासाठी ट्रेलर मोटारीला जोडलेला आणि चाकांना दगड लावलेले असावेत. वरवर काळा रंग मारलेली चासी पाहून समाधान मानू नका. वेल्डिंगपाशी आणि स्प्रिंगच्या कंसांपाशी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबा. पापुद्रा सुटून आला तर किंमत पाडून मागा किंवा नाद सोडा. गॅल्व्हनाइज्ड चासी मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या, कोकणात ते वसूल होतात. टायर नवे दिसले तरी त्यांच्या कडेवरचे चार अंक वाचा. '२३२२' असेल तर तो टायर २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यातला. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उभ्या-उभ्याच म्हातारे होतात. पाच-सहा वर्षांपुढचे टायर बदलायचे, हे मनाशी पक्के ठेवा.

शेवटची परीक्षा पाण्याची. सगळ्या खिडक्या आणि छताचा झरोका बंद करून एकाने बाहेरून पाइपने पंधरा-वीस मिनिटे पाणी मारावे, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसावे. विकणारा याला तयार नसेल तर त्यातच उत्तर आले.

गाडी नीट बांधलेली आहे का, हे ओळखायला आणखी दोन खुणा. आतली कपाटे आणि बाके नुसती स्क्रूने लटकवलेली नसून फायबरच्या पट्ट्यांनी कवचाला चिकटवलेली असतात, त्यामुळे ती कवचाला बळ देतात. आणि छताला भोके कमीत कमी असतात. प्रत्येक भोकाची पुढे वर्षानुवर्षे राखण करावी लागते.

ओढताना

वजनाची वाटणी बैलगाडीसारखीच. ओझे मागे सरकले की गाडी उलाळ होते, पुढे फार झाले की धुरजड. ट्रेलर उलाळ झाला तर तो वेगात मोटारीमागे नागमोडी हलायला लागतो आणि मग सावरणे कठीण. अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरमध्ये एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या कपलरवर, म्हणजे मोटारीला जोडणाऱ्या टोकावर, ठेवतात. युरोपी बनावटीत तो कमी असतो, तेव्हा उत्पादकाचा आकडा आणि मोटारीच्या हुकाची मर्यादा दोन्ही बघा. पाण्याच्या टाक्या, गॅस, कपडे, भांडी असे सगळे भरून एकदा वे-ब्रिजवर न्या आणि खरे वजन कागदावर लिहून ठेवा.

आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरताना वळणाच्या आधीच खालचा गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. खाड्या ओलांडायला दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळसारख्या फेरीबोटी सोयीच्या आहेत, पण ट्रेलर असल्यास धक्क्यावरच्या माणसांना आधी विचारा. पाणी उतरलेले असते तेव्हा रॅम्पचा कोन तीव्र होतो आणि ट्रेलरचे शेपूट किंवा खालचा नळ घासतो. भरती भरत असताना चढवणे सोपे जाते.

कुठे उभी करायची

जागामालकाला विचारून, हे सांगायला नकोच. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तरी किनाऱ्यावर बहुतेक वेळा तुम्ही कोणाच्या तरी वाडीत, अंगणात किंवा होमस्टेच्या आवारातच थांबणार. वाडीतल्या पाणंदी अरुंद असतात आणि दोन्ही बाजूंना दगडी गडगे. आधी पायी जाऊन वळण बघून या.

माडाखाली उभी करू नका. सावली मोहात पाडते, पण वरून नारळ किंवा अख्खी झावळ कवचावर आली तर जेलकोट नक्की फुटतो, प्रसंगी माणूसही जखमी होतो. त्यापेक्षा फणसाची सावली बरी, आणि तीही फणस धरलेले नसताना. पुळणीवर तर चाक घालूच नका. वाळू वरून घट्ट दिसते, भार आला की चाक रुतते आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी रोजच्या खुणेच्या कितीतरी वर येते. कातळाचा सडा सर्वांत चांगला. तिथे चाक रुतत नाही. फक्त डोळ्याला सपाट दिसणाऱ्या कातळालाही पाणी वाहून जाण्याइतका उतार असतो आणि तो बिछान्यावर आडवे झाल्यावर कळतो.

उतार टाळता आला नाही तर ट्रेलरचे तोंड किंचित उताराकडे करा. पुढची बाजू जॅकने वर उचलणे सोपे असते. तोंड चढाकडे असले तर ते खाली आणावे लागते आणि कपलर जमिनीला टेकतो, मग काही करता येत नाही.

लेव्हल, क्रमाने

सामान साधे आहे. एक ६० सेंटिमीटरची पाणसळ (स्पिरिट लेव्हल), एक पारदर्शक लेव्हल ट्यूब, चाकांना लावायच्या चार भक्कम पाचरी आणि फळ्या. फळ्या ऐन किंवा किंजळीच्या घ्या, टायरपेक्षा रुंद. सुतार मेस्त्रींकडून तीन सेंटिमीटर जाडीच्या तीन-चार करून घ्या, खालची सर्वांत लांब, वरची आखूड, प्रत्येकीची चढायची कड तासलेली. वरची फळीसुद्धा इतकी लांब हवी की टायरचा टेकलेला सगळा भाग तिच्यावर मावेल. टायर अर्धा फळीवर आणि अर्धा हवेत राहिला तर आतले धागे तुटतात.

कोकणात कोणीही प्रेमाने जांभ्याचा चिरा आणून देईल. तो चाकाखाली घालू नका. जांभा सच्छिद्र असतो, नुकता काढलेला तर मऊच असतो, आणि टोकावर भार आला की कोपरा निखळतो. चिरा आडवा, पूर्ण टेकवून, वर फळी ठेवून कोपऱ्यातल्या पायाखाली चालेल. उचललेला भार मात्र कधीही चिऱ्यावर नको.

पहिल्यांदा आडवी लेव्हल, म्हणजे डावे चाक आणि उजवे चाक. हे काम ट्रेलर मोटारीला जोडलेला असतानाच करायचे. सोडल्यावर चाकाखाली फळी घालणे धोक्याचे आहे. पाणसळ आतल्या जमिनीवर, शक्य तितकी मधोमध, आडवी ठेवा. आतली जमीन सगळीकडे अगदी सपाट नसते, म्हणून एकदा चासीच्या आडव्या दांड्यावर माप घेऊन आतली कुठली जागा त्याच्याशी जुळते ते ठरवा आणि तिथे कायमची खूण करा. बुडबुडा जिकडे पळतो ती बाजू उंच. पाणसळीच्या सखल टोकाखाली पुठ्ठा किंवा नाणी सरकवत बुडबुडा मध्यावर आणा आणि त्या टोकाखालची उंची मोजा. समजा १ सेंटिमीटर भरली आणि तुमच्या दोन चाकांमधले अंतर १८० सेंटिमीटर आहे. ते पाणसळीच्या तिप्पट, म्हणून फळीही तिप्पट: ३ सेंटिमीटर. एवढा हिशोब जमला की फळी घालून बघा, काढा, परत घाला, हा खेळ थांबतो.

आमच्याकडचे गवंडी मेस्त्री हेच लेव्हल ट्यूबने करतात आणि मला ती पद्धत पाणसळीपेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण तिला ट्रेलरच्या सपाटीशी देणेघेणे नाही. नळीत पाणी भरून एक टोक डाव्या चाकाच्या वर, दुसरे उजव्या चाकाच्या वर धरायचे. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येते. तिथून खाली चासीपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजायचे, जेवढा फरक तेवढी फळी. नळीची दोन्ही तोंडे उघडी हवीत. आणि मालवणकडच्या एका मेस्त्रींनी पहिल्यांदा नळी हातात देताना बजावले होते ते लक्षात ठेवा: "नळीतलो बुडबुडो आधी काडा, मगे माप घेवा." हवेचा एक बुडबुडा अडकला तरी माप बोटभर चुकते. नळी उन्हाकडे धरून टिचक्या मारल्या की तो सरकत वर येतो.

माप मिळाले की सखल बाजूच्या चाकापुढे फळ्या लावा आणि मोटार हळूच पुढे घेऊन चाक वर चढवा. एकाने खिडकीतून डोके काढून, दुसऱ्याने चाकाशेजारी उभे राहून सांगायचे. चाकामागे किंवा पुढे कोणी उभे राहायचे नाही. ट्रेलरला एका बाजूला दोन चाके असतील तर दोन्हींखाली सारखी फळी हवी. एकच चाक उचलले तर सगळा भार त्याच धुऱ्यावर आणि टायरवर येतो.

आता पाचरी. दोन्ही बाजूंच्या चाकांना, पुढून आणि मागून, हातोडीने ठोकून घट्ट. ट्रेलरला हातब्रेक असेल तर तोही ओढा, पण पाचरींऐवजी नव्हे, पाचरींच्या जोडीला जास्तीचा म्हणून. हे होईपर्यंत कपलरला हात लावायचा नाही. उतारावर मोटारीपासून सुटलेला ट्रेलर माणसाच्या ताकदीने थांबत नाही.

मग पुढचा जॅक खाली सोडून त्याच्या पायाखाली रुंद फळी द्या. कपलरची खिट्टी उघडून जॅकने दांडा मोटारीच्या बॉलवरून वर उचला. तो बॉलवरून पूर्ण सुटला आणि ट्रेलर जागचा हलला नाही याची खात्री झाली, की मगच साखळ्या आणि दिव्यांची वायर काढा. मोटार पुढे घ्या. आता उभी लेव्हल, पुढे-मागे. पाणसळ लांबीच्या दिशेने ठेवून जॅक वर-खाली करत बुडबुडा मध्यावर आणा. दोन मिनिटांचे काम.

सर्वांत शेवटी कोपऱ्यातले चार पाय. इथेच नवी माणसे घात करतात. हे पाय आत चालताना ट्रेलर डगडगू नये म्हणून असतात. ते उचलण्यासाठी नाहीत. पाय खाली आणा, फळीला टेकू द्या, मग हाताने आणखी अर्धा फेरा, बस. ड्रिल मशीनला सॉकेट लावून फिरवणारे बघितले आहेत, त्यात पाय कधी टेकला आणि कधी उचलू लागला ते कळतच नाही. हाताला कळते. पाय आवळल्यावर दार उघडून-लावून बघा. आधी सहज लागणारे दार आता अडत असेल तर एखादा पाय जास्त आवळला गेला आहे, तो सैल करा. प्रत्येक वेळी करण्यासारखी ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे.

तांबड्या मातीवर उभे असाल तर सकाळी उठून परत एकदा पाणसळ बघा. रात्री सर येऊन गेली की पायाखालची फळी एका बाजूने दबते. आणि ट्रेलर नुसत्या जॅकवर आणि पायांवर उभा असताना त्याच्याखाली कधीही शिरू नका.

लेव्हल नसली तर बिघडते काय

झोप नीट लागत नाही, सिंकमधले पाणी कोपऱ्यात साचते, टाकीचा काटा खोटा दाखवतो, हे लगेच कळते. महागात पडणारे नुकसान फ्रीजचे. गॅसवर चालणाऱ्या अॅबसॉर्प्शन फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. मागच्या नळ्यांमधून अमोनिया आणि पाण्याचे मिश्रण केवळ स्वतःच्या वजनाने खाली वाहते. ट्रेलर तिरका राहिला तर ते वाटेत अडते, तापणारा भाग कोरडा पडून अति गरम होतो आणि गंज रोखण्यासाठी मिसळलेल्या रसायनाचे खडे बनून नळी कायमची बुजते. हा बिघाड दुरुस्त होत नाही. साधारणपणे आडवा कल ३ अंश आणि उभा ६ अंश एवढीच सूट देतात, तुमच्या फ्रीजच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम. दोन मीटर रुंदीवर ३ अंश म्हणजे जवळजवळ साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यालाही दिसेल एवढा कल. तेव्हा फ्रीज सुरू ठेवून अर्धा तास कुठे चहाला थांबलात तर घाबरू नका, पण रात्रभर तसा ठेवू नका. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज तिरकेपणा बराच सोसतो. नवा फ्रीज घ्यायचा असेल तर कोकणच्या उकाड्यात मी तोच घेईन.

खारी हवा आणि फायबरची डागडुजी

समुद्राकाठी राहून परतलात की चासी, ब्रेक, जॅक आणि पायांचे स्क्रू गोड्या पाण्याने धुवा. वरचे कवच धुतले नाही तरी एक वेळ चालेल. उन्हाने जेलकोट पांढुरका, खडूसारखा होतो, म्हणून वर्षातून दोनदा वॅक्स, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास. खिडक्यांच्या कडांना सिलिकॉन लावू नका. ते सुटल्यावर त्या जागी दुसरे काहीच धड चिकटत नाही. ब्युटाइल टेप आणि बाहेरून पॉलियुरेथेन सीलंट, ही जोडी टिकते. खिळे-बोल्ट बदलताना ३१६ प्रतीचे स्टेनलेस मागा.

भेग पडली तर शहरातल्या मोटार गॅरेजकडे धावण्याआधी जवळच्या बंदरात होड्यांचे फायबरकाम करणाऱ्या कारागिराला विचारा. मॅट (काचतंतूंचे कापड), रेझिन, जेलकोट हे त्याचे रोजचे काम आहे. त्याला एवढेच सांगा की भेग आधी व्ही आकारात उघडून, आतून मॅटचा थर देऊन, मग बाहेरून जेलकोट भर. नुसती वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर भेग परत येते. स्वतः करणार असाल तर एक गोष्ट जिवावरची आहे: रेझिन घट्ट करणारे हार्डनर आणि ते लवकर घट्ट व्हावे म्हणून घालायचे कोबाल्ट कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळून घ्यायचे आणि मगच हार्डनर.

पावसाळ्यात ठेवणी

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या काळात लेव्हलचा नियम उलटा. तोंडाकडून जॅक थोडा वर घ्या, म्हणजे छतावर पाणी साचणार नाही. वर पत्र्याची किंवा झापांची उंच शेड असेल तर उत्तम. ताडपत्री थेट कवचावर घट्ट बांधू नका. वाऱ्याने ती जेलकोट घासते आणि आत वाफ कोंडून बुरशी धरते. गाद्या उभ्या ठेवा, कपाटांची आणि फ्रीजची दारे उघडी ठेवा, जाळी लावलेला एक झरोका वर आणि एक खाली उघडा असू द्या.

चाकांखालच्या लाकडी फळ्या या चार महिन्यांत काढून काँक्रीटचे सपाट ठोकळे घाला. फळीवर वाळवी लागते, ती चिखलाची नळी बांधत टायरवरून चासीवर आणि तिथून प्लायवूडच्या जमिनीत शिरते. पंधरवड्यातून एकदा टॉर्च घेऊन चाकांच्या आतल्या बाजूला ती नळी शोधा.

वाऱ्याचाही विचार करा. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. फायबरचा रिकामा ट्रेलर हलका असतो. चासीला, कवचाला नव्हे, चारी कोपऱ्यांत दोर बांधून जमिनीत गाडलेल्या खुंट्यांना ताणून ठेवा आणि आसपास एकही माड पडण्याच्या टप्प्यात नाही ना, हे मे महिन्यातच बघून घ्या.

पाऊस सरल्यावर बाहेर काढण्याआधी चाकांच्या बेअरिंगचे जुने ग्रीस काढून नवे भरा. हवा तपासा, ब्रेक अडकलेला नाही ना ते जॅकवर चाक फिरवून बघा, दिवे लावून बघा. मग पाच-सात किलोमीटर चालवून थांबा आणि चाकाच्या मध्यावर हात ठेवा. कोमट लागले तर ठीक. हात ठेववत नसेल एवढे तापले असेल तर तिथूनच परत फिरा.